काटेबाईंचं नकली गिऱ्हाईक

काटेबाईंचा नवरा एका संध्याकाळी ताठ चालत घरी आला, आणि काटेबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ताठ चालणं हा काही गुन्हा नाही. पण हा माणूस शाळेत चित्रकला शिकवणारा. उभा जन्म पोरांच्या बाकांवर ओणवा होऊन त्यांच्या घोड्यांचे वाकडे पाय सरळ करत आलेला. गेली काही वर्षं तो खुर्चीतून उठायचा तो हप्त्याहप्त्यानं. आधी हात, मग गुडघे, मग एक सुस्कारा आणि सगळ्यात शेवटी कंबर. आणि आज हाच गृहस्थ जिना चढून आला, वाकून बुटांचे बंद सोडले आणि वर शीळ घातली.

"कुठं होतात?" काटेबाईंनी विचारलं.

"मणक्यांच्या डॉक्टरकडे. कायरोप्रॅक्टर म्हणतात त्यांना. बुटांच्या दुकानाच्या वर बसतात. आमचे खेळाचे मास्तर कधीचे मागे लागले होते."

"काय केलं त्यानं?"

"कुशीवर झोपवलं, इथं खांद्याला धरलं, इथं कमरेला धरलं, आणि कडाड्!"

"म्हणजे हाडं मोडली."

"मोडली नाहीत हो. आखडलेले सांधे हलते केले."

"गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं कडाड्? आणि तुम्ही खूश?"

"खूश आहे."

"तेच मला खटकतंय," काटेबाई म्हणाल्या.

दुकानातून फार खूश होऊन बाहेर पडणारं गिऱ्हाईक हमखास मापात मारलेलं असतं, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव होता. काटेबाई हे नाव अर्थात बाजारानं ठेवलेलं. वजनमाप खात्यात त्या निरीक्षक. दुकानांचे वजनकाटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर उचलून न्यायचे. पाठीमागे लोक त्यांना याहून वाईट नावांनीही ओळखत, पण ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

नोकरीला लागल्यावर त्यांनी अगदी सुरुवातीलाच धरलं ते स्वतःच्या वडिलांना. वडिलांचं धान्याचं दुकान. लेक गणवेश घालून आली म्हणून ते कौतुकानं पुढं झाले, शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि लेकीनं पारडं उलटं करून खाली चिकटवलेला शिशाचा गोळा नखानं खरवडून काढला.

"अगं, ते तुझ्या आजोबांच्या वेळचं आहे!"

"मग आजोबांच्या वेळेपासून चुकतंय," असं म्हणून तिनं तराजू उचलून नेला. वडील बरेच महिने तिच्याशी बोलले नाहीत. नंतर मात्र तेच गिऱ्हाइकांना ऐकवायला लागले, "निःशंक घ्या, पोटच्या पोरीनं धरलेलं दुकान आहे हे!" धंदा म्हणे वाढला.

घरीही तेच. दूधवाला त्यांच्या दारात फेस खाली बसेपर्यंत मुकाट उभा राही. कुणी न मागता स्तुती केली की त्या पर्स घट्ट धरत. जगात सगळेच लबाड आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तपासल्याशिवाय कळत नाही, एवढंच होतं. आणि तपासायची त्यांची आवडती रीत म्हणजे नकली गिऱ्हाईक. दुकानदाराला अनोळखी असं माणूस आधी पाठवायचं, त्यानं गरिबासारखं काहीतरी विकत घ्यायचं, आणि पुडी बांधून झाली की कोपऱ्यावरून काटेबाईंनी उगवायचं. त्या उगवल्यावर कित्येक दुकानदारांना दरदरून घाम फुटलेला त्यांनी पाहिला होता. बरं वाटायचं त्यांना ते. का वाटू नये?

अशा या बाईला आता स्वतःच्याच हाताचा संशय येऊ लागला होता.

तपासणीची पितळी वजनं मखमलीच्या पेटीत असतात. त्यांना उघडा हात लावायचा नाही. बोटांचा घामही वजनात भर घालतो. ती चिमट्यानं उचलायची. तर त्या चिमट्यातून बारीक वजनं निसटायला लागली. आधी त्यांना वाटलं, चिमटा ढिला झाला. तो बदलला. मग नवाही ढिला झाला. बोटं जाड हातमोजा घातल्यासारखी झाली होती. गणवेशाची बटणं लावायला वेळ लागे. पायाखालची जमीन अधूनमधून गादीसारखी मऊ वाटे, आणि जिना उतरताना त्या कठडा धरत. कुणी पाहिलं तर कठड्यावरची धूळ बघितल्यासारखं करत.

हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. कारण साधं होतं. त्यांच्या आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि आई त्या खाटेवरून पुन्हा उठली नाही. पाणी पाजायचं, कूस बदलायची, हे सगळं काटेबाईंनी केलेलं. तेव्हा डॉक्टरनं काही शोधून काढलं की पुढं हॉस्पिटल, हॉस्पिटलपुढं खाट, असा त्यांचा सरळ हिशेब. न सांगावं तर हात चाललाच होता; सांगावं तर पायही जातील. भिजत घोंगडं ठेवण्यात बाई पटाईत नव्हती, पण इथं ठेवलं.

नवऱ्याला त्यांनी फक्त "मान अवघडलीय" एवढंच कळू दिलं होतं.

"दाखवा की त्यांना एकदा," तो म्हणाला. "फुटलेल्या कपांचे तुकडे मीच भरतो ना? मला दिसत नाही का?"

"कपांचे कान हल्ली तकलादू करतात."

"हो तर. सगळ्या कारखान्यांनी कट केलाय तुमच्याविरुद्ध."

शेवटी त्या कबूल झाल्या. पण आधी तपास. नकली गिऱ्हाईक म्हणून धाकट्या बहिणीला उभं केलं. धाकटी हौशी नाटकांत काम करायची, आणि तिची तब्येत अशी ठणठणीत की तिला शिंकसुद्धा मन लावून आणावी लागे.

"ताई, मी काय सांगू त्याला?"

"कंबर दुखते सांग. आधी डावीकडे म्हण, थोड्या वेळानं उजवीकडे म्हण. तो कुठं बोट ठेवतो ते बघ. आणि रडू नकोस, तुला रडायची फार हौस."

धाकटी गेली आणि तोंड पाडून परत आली.

"म्हणाला, तुमच्या कमरेला काहीही झालेलं नाही. रोज चाला, आणि परत येऊ नका."

"परत येऊ नका म्हणाला?"

"तोंडावर! मी इतकी छान कण्हत होते गं. थोडं तरी कडाड् करायचं की नाही? माणूस एवढा जिना चढून गेलं."

दुसरी कुणी असती तर इथं तिची खात्री पटली असती. काटेबाईंची शंका दुप्पट झाली. नकली गिऱ्हाईक ओळखलं की दुकानदार मूठभर जास्तच घालतो, हे त्यांनी बाजारात किती वेळा पाहिलं होतं! "तू अभिनय जास्त केलास," त्या म्हणाल्या. "ओळखलं त्यानं तुला." म्हणजे परीक्षा फुकट गेली, आणि आता स्वतःच जायला हवं. जाताना त्यांनी नवा सापळा रचला. हाताचं नाव काढायचं नाही, पायांचं नाही. नुसती मान. खरा वैद्य असेल तर शोधेल. भोंदू असेल तर कडाड् करून मोकळा होईल. आणि शोधलंच त्यानं, तर? ते पुढचं पुढं. हा विचार त्यांनी पुरा केलाच नाही.

बुटांच्या दुकानावरची ती खोली लहान होती. खालून नव्या चामड्याचा वास वर येत होता. मध्ये एक अरुंद टेबल, डोक्याकडे तोंड खुपसायला खाच, वर कागदाची चादर. कोपऱ्यात आकड्याला प्लास्टिकचा पाठीचा कणा लटकत होता. डॉक्टर बुटका, चष्मा दोरीला बांधलेला, तळवे मात्र कुंभाराचे असावेत तसे रुंद. काटेबाईंनी आधी ते तळवे पाहून घेतले.

"परवा आल्या होत्या त्या तुमच्या बहीण का?" तो म्हणाला. "नाक अगदी एक आहे."

काटेबाईंनी मनात म्हटलं, बघा, ओळखलंच होतं.

"बोटांना मुंग्या येतात?"

"नाही."

"बटणं लावताना, लिहिताना अडचण?"

"छे."

"चालताना तोल जातो?"

"माझा? नाही."

प्रत्येक 'नाही'ला तो मान डोलवत होता. पटल्यासारखी नव्हे, दारामागे कुणीतरी आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी. मग त्यानं रबरी हातोडी काढली. गुडघ्याखाली हलकेच टिचकी दिली, तर पाय असा उडाला की त्याचा चष्मा थोडक्यात वाचला. त्यानं त्यांचं मधलं बोट धरून नखावर टिचकी मारली. त्या बोटाला काही झालं नाही, पण अंगठा आपोआप आत वळला. काटेबाई त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. हा कुणाच्या हुकुमानं हलला?

"आता या फरशीच्या रेघेवरून चाला. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत."

त्या चालल्या, कलल्या, आणि आधाराला नेमका तो प्लास्टिकचा कणा धरला. सगळे मणके खडखडले.

डॉक्टर दोन पावलं मागं सरला आणि त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"मी तुमच्या मानेला हात लावणार नाही."

"का? जमत नाही?"

"जमतं, म्हणूनच नाही. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणारा. तो मानेत दबत असावा अशी मला शंका आहे. अशा मानेला हिसका बसला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात. एमआरआय करा आणि मणक्याच्या सर्जनना भेटा. लवकर. आणि तोवर कुणालाही मान मोडू देऊ नका, न्हाव्यालासुद्धा नाही."

"मी तर काहीच होत नाही म्हटलं."

"हो ना. तुम्ही एक सांगताय आणि तुमचं अंग दुसरंच सांगतंय. मी अंगाचं ऐकतो."

काटेबाई पर्स उचलून निघाल्या. पण सवय ती सवय. "एमआरआय कुठं करू?" त्यांनी अगदी भोळेपणानं विचारलं. आता सेंटरचं नाव घेईल, आणि मग कुठं पाणी मुरतंय ते कळेल.

"कुठंही करा. जवळ पडेल तिथं."

नावसुद्धा घेत नाही! किती मुरलेला असेल, असं म्हणत त्या कठडा धरून खाली उतरल्या. घरी नवऱ्याला म्हणाल्या, "मान कडक झालीय म्हणाला. शेक घ्या."

शंकेखोर माणसाचं एक असतं. सगळ्या जगाला तपासून झालं तरी स्वतःला सोयीचं खोटं मात्र तो न तोलता घेतो. काटेबाईंनी मनाला समजावलं की त्या बुटक्याला मान हाताळायची भीती वाटते, म्हणून त्यानं हॉस्पिटलवर ढकललं. नवऱ्याची कंबर? ती योगायोगानं बरी झाली.

मग पेट्रोल पंपावर तपासणीच्या दिवशी त्यांच्या हातातून भरलेलं माप सुटलं. पेट्रोल बुटांवर, गणवेशावर, पंपवाल्याच्या पायांवर. तो मदतीला धावला आणि जाता जाता म्हणालाच, "बाई, आज तुमचं माप कमी भरलं!" सगळे हसले. काटेबाई हसल्या नाहीत. बोटांतून माप निसटलेलं त्यांना कळलंच नव्हतं. आवाज आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या शहराच्या नव्या भागातल्या दुसऱ्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेल्या. नवऱ्याला सांगितलं, बैठक आहे. इथं काचेचा दरवाजा आपोआप उघडला. भिंतीतून पाणी झुळझुळत होतं, कसलासा सुगंध होता, आणि भिंतभर हसऱ्या लोकांचे फोटो. डॉक्टरही सुगंधी. त्यांचे दोन्ही हात हातांत घेऊन तो म्हणाला, "इतका उशीर का केलात?"

काटेबाईंनी पर्स घट्ट धरली आणि तीच खोटी कहाणी सांगितली. मान अवघडते, बाकी काही नाही. यानं मुंग्यांचं विचारलं नाही, बटणांचं नाही, हातोडी काढली नाही, चालवून पाहिलं नाही. "अगदी माझ्या मनातलं बोललात," म्हणाला. "तुमचा सगळा ताण मानेत अडकलाय. एका झटक्यात मोकळं करू."

टेबल मऊ होतं. त्यांनी डोळे मिटले. एक तळवा हनुवटीखाली आला, दुसरा डोक्यामागे. डोकं हळूच उचललं गेलं, एका बाजूला कललं. आणि त्या क्षणी नोकरीभर ज्या गोष्टीवरून त्यांनी दुकानदार पकडले ती त्यांना टोचली. या माणसानं तोललंच नव्हतं. पुडी नुसती हातात घेऊन 'बरोबर आहे' म्हणाला होता.

"थांबा!" त्यांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट पकडलं. "मी सांगितलं ते सगळं खरं मानलंत तुम्ही?"

"म्हणजे काय! पेशंट खोटं कशाला बोलेल?"

"मी बोलले." आणि आडवं पडल्या पडल्याच त्यांनी सांगून टाकलं. बोटं बधिर आहेत. वस्तू हातातून पडतात. पाय लटपटतात. जमीन मऊ लागते. हे पहिल्यांदाच मोठ्यांदा बोलत होत्या त्या, तेही छताकडे बघत, एका परक्या माणसापुढं.

तो मंद हसला. "अहो, मग तर बरंच झालं! ते सगळं याच्यानंच जाईल." आणि तळवा पुन्हा हनुवटीखाली सरकला.

काटेबाई उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाही नीट आठवत नाही. एक बूट पायात, एक हातात. "बाई, घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या," असं मागून ऐकू येत होतं. आपोआप उघडणाऱ्या दरवाज्यानं नेमका तेव्हाच वेळ लावला, तेव्हा त्यांनी त्याला हातातल्या बुटानं ठोकलं. रस्त्यावर आल्यावर त्या दिव्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. एकानं नुसत्या शंकेवर हात खिशात घातले होते. दुसऱ्यानं सगळं ऐकूनही ते मानेवरून काढले नाहीत.

त्या रिक्षानं तडक बुटांच्या दुकानाशी आल्या आणि जिना चढल्या. कठडा दोन्ही हातांनी धरून, धुळीचं सोंग न करता.

"आज कोण आलंय?" बुटका डॉक्टर म्हणाला. "पेशंट, की पेशंटनं पाठवलेलं कुणी?"

"पेशंट," काटेबाई म्हणाल्या, आणि बसल्या. "लिहून घ्या. मधे बोलू नका, नाहीतर मी काहीतरी गाळेन."

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे तुमच्या मिस्टरांना माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी त्यांना फोन करा. इथूनच. माझ्यासमोर."

"विश्वास नाही का माझ्यावर?"

"अजिबात नाही."

त्यांनी फोन लावला. पलीकडे नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "तिथंच बसा. मी येतोय. आणि जिना एकट्यानं उतरलात तर याद राखा." लग्न झाल्यापासून तो त्यांच्याशी या आवाजात बोलला नव्हता.

एमआरआयमध्ये मानेतला मज्जारज्जू दोन मणक्यांमध्ये चेपलेला दिसला. सर्जन तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली. काटेबाईंनी तिलाही सोडलं नाही. माझ्या आईचं असं झालं, माझं तसंच होणार नाही कशावरून, हात पहिल्यासारखा होईल का, लेखी द्याल का?

"लेखी काय, तोंडीसुद्धा देणार नाही," सर्जन म्हणाली. "जे गेलंय ते परत येईल की नाही सांगता येत नाही. काही येईल, काही नाही. ऑपरेशन करायचं ते उरलंय ते जाऊ नये म्हणून. आणि ऑपरेशनमध्येही धोका आहे, तो तुम्हाला सांगते, बसा."

तिनं सगळे धोके सांगितले, एकही कमी न करता. नवरा पांढराफटक पडला. काटेबाईंचा चेहरा मात्र ऐकता ऐकता सैल होत गेला.

"हिच्याकडे करायचं," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

"एवढं भयंकर सांगितलं तिनं!"

"म्हणूनच."

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा काटेबाईंनी डोळे उघडायच्या आधी पायाचे अंगठे हलवून पाहिले. मग खात्री वाटेना, म्हणून नवऱ्याला म्हणाल्या, "पांघरूण काढा आणि बघून सांगा, खरंच हलतायत का मला वाटतंय." त्यानं पाहिलं. हलत होते. "दोन्ही?" दोन्ही. त्यांनी धाकटीलाही बघायला लावलं, कारण नवरा मन राखायला काहीही बोलू शकतो. धाकटीनं पाहिलं आणि ती रडायला लागली. यावेळी तिला कुणी नको म्हटलं नाही.

पुढं नर्स आली, मानेला पट्टा बांधला, आणि म्हणाली, "चला आजी, दारापर्यंत जाऊन येऊ."

"आजी कुणाला म्हणतेस?" काटेबाई म्हणाल्या. "आणि एवढ्या लवकर उठवतायत ते का? खाट दुसऱ्या कुणाला द्यायचीय का?"

"हो," नर्स म्हणाली. "रांग लागलीय बाहेर."

काटेबाईंनी पाय खाली सोडले. फरशी थंड होती, आणि कडक होती. डाव्या हाताची बोटं अजून जाडच. ती तशीच राहतील असं सर्जननं सांगून ठेवलं होतं. उजवा हात नवऱ्यानं धरला.

"हळू," तो म्हणाला. "माझ्यावर भार टाका."

"तुमची कंबर?"

"ठीक आहे."

"नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?"

"चला हो!" तो ओरडला, आणि त्या चालल्या.